पट्टीखालची चकाकी

समजा, खुर्चीत एक बाई तोंड उघडून पडली आहे. तिच्या पुढच्या तुटलेल्या दातावर तुम्ही दाताच्याच रंगाचं मऊ फिलिंग बसवलंय. वरून पारदर्शक पट्टी दाबलीत, निळ्या प्रकाशाने फिलिंग कडक केलंत, पट्टी काढलीत. दात काचेसारखा चकाकतोय. तुम्ही इथेच थांबाल का?

नमिता थांबत नाही. वाकोल्याच्या चाळीतली, घरातली पहिली डॉक्टर. तिला माहीत आहे की पट्टीखाली सगळ्यात वर फिलिंगमधल्या नुसत्या राळेचा मऊ थर येतो. तो दिसतो गुळगुळीत, पण चहाचा रंग पिऊन घेतो. तो खरवडून काढायचा, मग बारीक, त्याहून बारीक डिस्क फिरवत पॉलिश करायचं. चरे राहिले तर रंग त्यांत जाऊन बसतो. पण अंधेरीच्या ज्या दवाखान्यात ती नोकरी करते, तिथले मालक डॉ. निहार रोज म्हणतात, "चकाकतंय ना? सोड. पुढचा पेशंट घे."

कमळमावशींचा दात त्यांनीच भरला होता. मावशी वेसाव्याच्या, बाजारात मासळी विकतात. काही महिन्यांतच दात पिवळा पडला. त्या दाखवायला आल्या तेव्हा डॉ. निहार भरल्या दवाखान्यात म्हणाले, "मिश्री लावता, तोंड घाण ठेवता, मग काय होणार?"

गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. दात आणखी पिवळा.

"अजून मिश्री लावता ना?" डॉ. निहारांनी लांबूनच विचारलं.

"त्याच दिवशी सोडली. सकाळी डोकं ठणकतं, मग घरात सगळ्यांवर खेकसते. सून बोलते, सासूबाई, लावा परत, नायतर आम्ही घर सोडतो."

"मग चहा बंद करा."

"बाजूचा दात पण हाच चहा पितो. तो का नाय पिवळा झाला?" मावशी नमिताकडे वळल्या. "गिऱ्हाइकाशी भांडताना तोंडावर पदर धरते मी. तोंड झाकून म्हावरा विकता येतो काय गो?"

नमिताने भिंग लावून दात पाहिला. ती डॉ. निहारांकडे वळली.

"सर, याला डिस्क लागलेलीच नाही. पॉलिश केलंच नाही तुम्ही."

"आत ये. केबिनमध्ये बोलू."

"इथेच बोलू. यांना तुम्ही इथेच बोलला होतात."

"मला शिकवणार आता तू?"

"आधी यांचा दात."

नीट पॉलिश केलेल्या फिलिंगवरही कधी ना कधी डाग पडतो, हे नमिता नाकारत नाही. पण इतका, इतक्या लवकर? तिने वरचा थर काढला, एकेक डिस्क बदलत पॉलिश केलं. बराचसा पिवळेपणा गेला. हिरडीजवळ एक तपकिरी रेघ तेवढी उरली.

"ही आत मुरलीय, मावशी. तेवढा भाग काढून परत भरावा लागेल."

मावशींनी आरसा घेतला. दाताकडे बराच वेळ पाहिलं. आभार वगैरे मानले नाहीत.

"म्हंजे माझं तोंड घाण नव्हतं?"

"नव्हतं."

डॉ. निहार फोन कानाला लावून केबिनमध्ये निघून गेले. दार आपटलं. बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वर केल्या.

मावशी खुर्चीतून उठेनात.

"तू बोललीस, ते ऐकलं मी. पण सगळ्यांसमोर तो बोलला होता. मग सगळ्यांसमोर तो कधी बोलणार?"