दातांचा फॉर्म

हसताना किडलेला पुढचा दात दिसू नये म्हणून ती तोंडावर हात धरायची, म्हणून वर्गात तिचं नाव पडलं ‘पडदानशीन’. एकदा कॉलेजात दातांचे फॉर्म आले. त्रास लिहिणाऱ्यांवर तिथेच फुकट उपचार होणार होते.

“अगं, विचार कसला करतेस? माझंच उतरव,” शेजारची मैत्रीण म्हणाली. “दोनदा ब्रश, त्रास काही नाही. संपलं! सगळ्यांनी तेच लिहिलंय.”

मैत्रिणीची नजर हिच्या कागदावरच होती. हिने लाजेकाजेस्तव तेच उतरवलं.

आठवड्याने फळ्यावर सूचना लागली. कुणालाच त्रास नसल्यामुळे डॉक्टर येणार नव्हते.

“बघ, आपला वर्ग एक नंबर! दे टाळी.”

हिने एका हाताने टाळी दिली. दुसरा हात ठणकणाऱ्या जबड्यावरच राहिला.