एक काना

मार्क चांगले होते हो माझे! पण बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पाऊल टाकलं आणि ते कुठं गळून पडले देव जाणे. वर्गात साठ जण, त्यात आम्ही मुली चार. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "ह्यास्नी काय, राखीव जागा हायत मुलींच्या." एवढंच. पण ते डोक्यात घुसलं ते घुसलंच. वर्कशॉपमध्ये कानस घासताना वाटायचं, आत्ता कुणीतरी येऊन म्हणेल, ऊठ, चुकून आलीस तू.

बोलणार कुणाला? मी लासुर्ण्याहून एसटीनं येणारी. बाकीच्या तिघी बारामतीतल्या, फाडफाड बोलणाऱ्या. त्यांना कशाला असलं काही वाटतंय! शेवटी मी डी.एड.चा फॉर्म आणून भरला. शनिवारी शेवटची तारीख होती. वडिलांची सही हवी होती. आमचे आबा साखर कारखान्यात फिटर. त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "आवडत न्हाय म्हणून जा. जमत न्हाय म्हणून जाऊ नगं." मला असला राग आला! आवडत होतं, तेच तर दुखणं होतं.

शुक्रवारी गणिताच्या मॅडम कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन वर्गात आल्या. नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. "एकच प्रश्न. तुम्ही इथं कशामुळं आलात? खरं लिहा, नाव घालू नका."

नाव नाही म्हटल्यावर मी धडाधडा लिहिलं, 'मी इथं चुकून आले.' आणि पेन थबकलं. अगं बाई, 'आले'! नाव न घालताही त्या एका अक्षरानं माझं बिंग फोडलं असतं. चौघींतली कोण ते शोधायला कितीसा वेळ लागतो? मी 'ले'ला हळूच एक काना ओढला. 'आलो' झालं. सुटले.

मॅडम मोठ्यानं वाचायला लागल्या. मेहनतीनं आलो. हुशारीवर आलो. वडिलांनी ढकललं म्हणून आलो. पोरं खिदळत होती. मग आलं, चुकून आलो. माझी! मी मान खाली घातली. थोड्या वेळानं पुन्हा, चुकून आलो. पुन्हा एक. अशा सहा निघाल्या.

सगळ्या वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "साठ चिठ्ठ्या, साठही 'आलो'. का गं पोरींनो, तुमच्यातली एकही 'आले' नाही?"

मी चोरून बाजूला बघितलं. तिघींच्याही माना खाली, कान लालभडक.

तास संपल्यावर पाण्याच्या टाकीपाशी त्यांतली सगळ्यात फटकळ माझ्याजवळ आली. "काना मागनं ओढलास का गं?"

"व्हय. तू?"

"मी पण. 'चुकून आले'लाच."

"आम्ही पण चुकूनच," म्हणत उरलेल्या दोघी फिसकन हसल्या, मग आम्हा चौघींनाही हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. इतके दिवस एकमेकींना घाबरत होतो आम्ही! हसता हसता हिशेब लागला. चुकून आलेले सहा, त्यात आम्ही चार. म्हणजे दोन पोरंही होती. मागच्या बाकावरचा तर नसेल ना त्यांत? त्याचा राग तिथंच निम्मा झाला.

शनिवारी संध्याकाळी आबांनी विचारलं, "दिलास का फॉर्म?"

"नाही."

"का गं?"

"आबा, मी चुकून नाही आले."