एस्तेरबाईंची कमिटी

शब्बाथ, आम्हा यहूद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, नुकताच संपला होता आणि मी अरादच्या माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासत होते, तेव्हा फोन वाजला. एस्तेरबाईंची मुलगी याएल बोलत होती. "आई गेली," ती म्हणाली. दुपारी सगळ्यांबरोबर जेवल्या, शब्बाथला लिहायचं नाही म्हणून नातवाला तोंडी गणितं घातली, जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. मी विचारलं, शेवटचं काही म्हणाल्या का? याएल रडता रडता हसली. "म्हणाली, भात आज मऊ झालाय, पण गोड लागला."

त्याला आता काही आठवडे झाले. एस्तेरबाई वरसोलकरांबद्दल लिहायला बसले की आधी हसूच येतं, आणि मला वाटतं, त्यांना तेच आवडलं असतं.

आमची ओळख बेरशेबाच्या सेमिनारमधली. बालवाडीच्या आणि शाळेच्या शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजला इथे सेमिनार म्हणतात. मी तिथे इंग्रजी शिकवत होते, त्या गणित कसं शिकवावं ते शिकवायच्या. मुंबईला भायखळ्याच्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षं काढली होती. इथे आल्यावर मात्र त्यांची मुंबईची पदवी चालते की नाही याचा निर्णय लागेपर्यंत वर्षभर त्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालत होत्या. त्याबद्दल कुरकूर अशी कधी ऐकली नाही. "अगो, चादरीचा अर्धा, अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा... अपूर्णांक शिकवायची एवढी चांगली पद्धत मला भायखळ्यात कुठे माहीत होती?" असं म्हणून त्या खरोखरच वर्गात चादर घेऊन जायच्या. हिब्रूमध्ये अहो-जाहो नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये मी त्यांना "एस्तेर, तू" म्हणायची आणि दाराबाहेर पडताक्षणी "एस्तेरबाई, तुम्ही". त्यांना याची मोठी गंमत वाटायची. "आत मी तुझ्या बरोबरीची, बाहेर आली की म्हातारी," म्हणायच्या.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी सेमिनारने अभ्यासक्रमाच्या अटी तपासायला एक कमिटी नेमली. कुठला विषय सक्तीचा, कुठला ऐच्छिक, प्रमाणपत्रासाठी काय काय पास व्हायला हवं, हे सगळं पुन्हा एकदा बघायचं. असल्या कमिटीचं अध्यक्षपद कोणालाच नको असतं. आमच्या मुख्याध्यापिका ब्रुरिया, उंच, सडपातळ, सतत घाईत असलेली बाई, म्हणाल्या, "एस्तेरला द्या. तिला चिडता येत नाही." हा त्यांचा अंदाज बराचसा खरा निघाला.

पहिले काही महिने आम्ही फक्त वाद घातले. बायबलच्या तासांतून एक तास कमी करायचा म्हटलं की अर्धी खोली उठून उभी राहायची. एस्तेरबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, बटाटेवड्यांचं ताट पुढे सरकवायच्या आणि प्रत्येक अटीपाशी एकच गोष्ट विचारायच्या: "ही कशासाठी आहे?" खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही कंटाळा आला होता. असं वाटायचं की या दराने आम्ही मशीहा येईपर्यंत बसून राहणार.

मग झोहाराचं प्रकरण आलं. झोहारा येरुहामची, मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातली. सेमिनारला येण्याआधी ती कारखान्यात कामाला होती आणि तिथे मशीनमध्ये तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली होती. बालवाडीची शिक्षिका व्हायला तिच्याइतकी योग्य मुलगी त्या वर्षी दुसरी नव्हती. तिला बघितलं की मुलं आपोआप जवळ सरकायची. पण अट अशी होती की प्रत्येकीने हलीलची परीक्षा पास केलीच पाहिजे. हलील म्हणजे उभी धरून वाजवायची लाकडी बासरी. तिची भोकं झाकायला जवळजवळ सगळी बोटं लागतात. झोहारा बाकी सगळ्यात पास होती आणि हलीलमध्ये नापास.

ब्रुरियांनी तोडगा काढला. डॉक्टरचा दाखला आणा, सूट देऊ. पण सूट दिल्याची नोंद प्रमाणपत्रावर होणार होती. झोहारा कमिटीसमोर येऊन उभी राहिली, हात पाठीमागे न लपवता, आणि म्हणाली, "मला सूट नको. उद्या बालवाडीत मुलांच्या आया हा कागद बघतील आणि विचारतील, ही अर्धी शिक्षिका आमच्याकडेच का पाठवली? त्यापेक्षा मी कारखान्यात परत जाईन."

ती बाहेर गेली. मग एस्तेरबाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला, "हलीलची अट कशासाठी आहे?" सगळे एमिलकडे वळले. एमिल हे आमचे संगीताचे शिक्षक, व्हिएन्नाहून आलेले, उन्हाळ्यातसुद्धा गळ्याशी बटण लावणारे. त्यांनी बराच वेळ आठवलं. "मी इथे आलो," ते म्हणाले, "तेव्हा सेमिनारमध्ये पियानो नव्हता. कोणीतरी पाठवलेली हलीलची एक पेटी होती. मग हलील शिकवू लागलो."

"आणि अट?"

"ती... त्यानंतर झाली."

एस्तेरबाईंनी मान डोलावली आणि जाहीर केलं की पुढच्या मीटिंगला प्रत्येक सभासदाने हलीलची परीक्षा द्यायची. जी गोष्ट आपण मुलींकडून मागतो ती आपल्याला जमते का ते बघू. त्या मीटिंगची आठवण आली की मला अजून हसून श्वास घेता येत नाही. बायबलचे शिक्षक एवढ्या जोरात फुंकत होते की खिडकीवरची कबुतरं उडाली. ब्रुरियांच्या हलीलमधून चहाची किटली ओरडावी तसा आवाज आला आणि त्या, ज्यांना कधी कोणी हसताना बघितलं नव्हतं, टेबलावर डोकं ठेवून हसत सुटल्या. एस्तेरबाईंनी पहिला सूर बरा लावला, दुसऱ्याला आख्खी पट्टीच सोडली. आम्ही एकूण एक नापास झालो. एमिलही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी सगळ्या बासऱ्या एक एक करून पुसल्या, पेटीत ठेवल्या आणि कोणाशी न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. बरोबर करंज्या होत्या. एमिल एकटेच राहायचे. त्यांनी आम्हाला बसवलं आणि सरळ विषयाला हात घातला. "सक्ती काढली की माझ्या वर्गात कोण येणार? हनुक्काचा सण येईपर्यंत मी रिकाम्या बाकांना शिकवत असेन. माझ्याजवळ एवढंच आहे, एस्तेर."

"सक्ती काढायची कोण म्हणतंय?" एस्तेरबाई म्हणाल्या. "मला एक सांग. आपली मुलगी तीस पोरांसमोर उभी राहिली, की काय व्हावं असं तुला वाटतं?"

एमिलनी हातातली करंजी बशीत ठेवली. मग म्हणाले, "मुलांनी गावं. ती थांबली तरी त्यांनी गात राहावं."

"मग हेच लिहू या ना..."

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून नवी अट लिहिली. मी हिब्रूचं शुद्धलेखन तपासलं आणि करंज्या संपवल्या. परीक्षा सेमिनारमध्ये नाही, खऱ्या बालवाडीत व्हायची. मुलांना मुळीच माहीत नसलेलं एक गाणं विद्यार्थिनीने शिकवायचं. भाषा कुठलीही, वाद्य कुठलंही, नसलं तरी चालेल. शेवटी ती गप्प बसणार आणि मुलांनी गायचं. कमिटीत मोठी खडाजंगी झाली. मुलांच्या गाण्याला मार्क कसे द्यायचे, असं यरुशलेमच्या मंत्रालयातल्या साहेबांनीही विचारलं. एस्तेरबाई त्यांना म्हणाल्या, "एकदा येऊन ऐका. मग तुम्हीच सांगा." अखेर एका वर्षासाठी, प्रयोग म्हणून, परवानगी मिळाली. तो प्रयोग अजून चालू आहे.

पहिली परीक्षा येरुहामच्या बालवाडीत झाली. गंमत अशी की ही परीक्षा जुन्यापेक्षा अवघड निघाली. हलील सुरेख वाजवणाऱ्या मुली वाजवत राहिल्या आणि पोरं वाळूत खेळायला निघून गेली. झोहाराने आजीचं पितळी ताट आणलं होतं. ते मांडीवर उपडं ठेवून तिने उजव्या हाताने ठेका धरला, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी मधली बारीक टिचकी, आणि मोरोक्कन अरबीतलं एक गाणं सुरू केलं, ज्यात एक शेळी प्रत्येक कडव्यात काहीतरी वेगळं खाते. शेळीच्या तिसऱ्या घासाला पोरं ओरडून साथ देत होती. मग झोहाराने ताटावर हात ठेवला आणि ती गप्प झाली. पोरं थांबेनात. कुंपणाबाहेर दोन-चार आया उभ्या राहून गाऊ लागल्या, त्यांना ते गाणं लहानपणापासून येत होतं. एमिल कागदावर घाईघाईने स्वर उतरवून घेत होते आणि त्यांच्या गळ्याचं बटण उघडं होतं. एस्तेरबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ, आपण इथे आलो तेव्हा आपल्याला कसं कोणी विचारलंच नाही की तुला काय येतं?" एवढंच. मी वळून बघितलं तर त्या टाळ्या वाजवत होत्या.

झोहारा पुढे येरुहामलाच शिक्षिका झाली. एमिलचा वर्ग इतका भरला की खुर्च्या शेजारून आणाव्या लागत. निवृत्त होईपर्यंत ते मुलींकडून गाणी गोळा करत राहिले. एस्तेरबाईंनाही त्यांनी सोडलं नाही. एक दिवस स्टाफरूममध्ये गेले तर व्हिएन्नाचे एमिल पेन्सिल घेऊन बसलेले आणि एस्तेरबाई डोळे मिटून आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या. "थांब," ते मधेच म्हणाले, "हा सूर दोन सुरांच्या मधला आहे, तो मी लिहू कुठे?" एस्तेरबाई म्हणाल्या, "मधेच लिही."

एस्तेरबाई गेल्याच्या महिन्याची प्रार्थना झाल्यावर मी बेरशेबाला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सहज सेमिनारमध्ये डोकावले. आता सगळे नवीन चेहरे. कमिटीची मीटिंग चालू होती, कॉम्प्युटर सक्तीचा करायचा की नाही यावर. दार सताड उघडं होतं. बाहेरून वाळवंटाचा वारा येत होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक एक दगड ठेवलेला होता. कॉरिडॉरमध्ये मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आतलं सगळं ऐकत होत्या. एक मुलगी तर आतल्या कोणाशी वाद घालत होती आणि आतला माणूस तिला उत्तर देत होता.

हा एस्तेरबाईंचा नियम. येरुहामच्या त्या परीक्षेनंतर त्यांनी एकही मीटिंग दार लावून घेतली नाही. ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना ऐकू तर येऊ दे, म्हणायच्या. दगडसुद्धा त्यांनीच बाहेरच्या ओढ्यातून ओच्यात भरून आणले होते.

मी दाराशी उभ्या असलेल्या तरुण शिक्षकाला विचारलं, एवढी धूळ येते, दार का लावत नाही? त्याने खांदे उडवले. "माहीत नाही. इथे पहिल्यापासून असंच आहे."

आतून कोणीतरी विचारलं, कोण आहे. मी आत गेले, एक खुर्ची ओढली, आणि मला कोणी विचारलं नव्हतं तरी सांगायला सुरुवात केली.