रिकामा झोका

भास्करअण्णा माझ्या दुकानासमोर पहिल्यांदा आले तेव्हा दुकानाकडे पाठ करून उभे राहिले. रस्त्यापलीकडे, पानाच्या टपरीजवळ. मग एकदम वळले, क्षणभर पाहिलं आणि पुन्हा पाठ फिरवली. असं तीनदा. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

नंतर कळलं, ही त्यांची रीतच. आयुष्य कागद कारखान्यात गेलं, पण कॉलनीतल्या गणपतीची आरास दरवर्षी त्यांच्याच हातची. वळून पहिल्या नजरेत जे दिसतं, तेवढंच लोकांना दिसतं, असं ते म्हणत. त्या दिवशी आत येऊन त्यांनी लेकीसाठी सुती साडी घेतली आणि जाता जाता दुकानाच्या दर्शनी काचेकडे बोट दाखवलं.

"बेटी, तू सगळंच बाहेर मांडलं. मंग बाई आत कसाले येईन?"

मला राग आला. आमच्या केळीच्या मुलखातल्या लालबागेत, त्या दहा बाय बाराच्या दुकानात माझा जीव अडकला होता. लग्नानंतर स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच काही. आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत बघू, नाहीतर टाळं लाव, असं घरात ठरून गेलं होतं. म्हणून तर मी काचेत चाळीस साड्या कोंबल्या होत्या, त्यातल्या सगळ्यात भारी पुढे. फोपनार-बहादरपूर अशा आसपासच्या खेड्यांतल्या बाया बसमधून उतरत, काचेवर नजर टाकत आणि पुढे जात.

राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना बोलावून आणलं. अण्णांनी अख्खी काच रिकामी केली, दोराचा आणि फळीचा छोटा झोका टांगला आणि त्यावर रोजच्या नेसणीतली एकच हिरवी साडी टाकली. पदर बस थांबते त्या बाजूला. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचे झोके आमच्याकडे घरोघरी बांधतात, त्यामुळे कल्पना मला आवडली. फक्त झोका फारच ओकाबोका वाटला. अण्णा गेल्यावर मी आतली पुतळी आणली, ती साडी नेसवली आणि झोक्यावर बसवली. वर गळ्यात मोत्यांची माळ. स्वतःवर भलतीच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, रस्त्यापलीकडे पाठ करून उभे राहिले, वळले. रागावले नाहीत. पायरीवर बसून पाणी मागितलं.

"पुतळी बसली की झोका भरला," ते म्हणाले. "खेड्यावरची बाई तिथं आपली लेक बसवीन. तिले जागा तर ठेव."

मी पुतळी उतरवली, साडी पुन्हा झोक्यावर टाकली. दुपारी केळीच्या मळ्यातून आलेली एक बाई काचेपाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग आत येऊन म्हणाली, लेकीची पहिली आखाजी हाय, ती झोक्यावरची द्या. तिच्यामागून दोघी आल्या. आखाजी झाली, घरात टाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अण्णांचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, याची मला आता लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्यानं चालवेना. मुलानं त्यांना रिक्षातून आणलं, पलीकडेच थांबवलं. मी धावत रस्ता ओलांडून गेले. त्यांनी काचेकडे पाहिलं, माझा हात धरला आणि म्हणाले, "एक काढ." मी जाऊन एक साडी काढली. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर महिन्याभरातच ते गेले.

या आखाजीला झोका टांगताना सवयीनं एक साडी जास्त पडलीच. पलीकडे गेले, टपरीजवळ पाठ करून उभी राहिले, वळले, परत येऊन एक काढली. टपरीवाला हसत होता. संध्याकाळी बहादरपूरची एक सासुरवाशीण काचेपाशी थबकली आणि आत येऊन विचारू लागली, झोका कोणी बांधला?

बांधला मीच होता. तरी तोंडून निघालं, "आमच्या अण्णांनी."