गीझर दुरुस्त झाला त्या दिवशी

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा रेल्वेत विजेचा इंजिनिअर. त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं तरी बाहेरचा मिस्त्री बोलवायचा नाही, हा कायदा. परिणामी आमच्याकडे दोन-दोन महिने बंद असलेल्या वस्तू बऱ्याच होत्या.

जानेवारीतल्या एका सकाळी गीझरचा लाल दिवा लागेना. एरवी मी शेगडीवर पातेलं चढवून मोकळी झाले असते. पण सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, साखरेचा आजार. गोळी खाण्यानंतर, खाणं पूजेनंतर, पूजा अंघोळीनंतर. त्याआधी चहाचा घोटसुद्धा नाही.

"आई, गॅसवर पाणी तापवून देते."

"ज्या शेगडीवर तुम्ही अंडी उकडता, तिच्यावर? नको गं बाई."

"मग शेजारून रॉड आणते, बादलीत सोडायचा."

"त्यांच्याकडे मटण होतं."

"रॉडने मटण करत नाहीत, आई."

"तुला काय माहीत?"

गीझर मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून चालला. जन्म बंबावर काढलेला, तरी वीज कशाला शिवून येत नाही म्हणून सोवळ्यात बसते, असा त्यांनी परस्पर निकाल दिला होता.

नवऱ्याने स्टूल घेतलं, मीटरशेजारच्या बोर्डावरचा गीझरचा फ्यूज उपटला आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला.

"लाइनवर काम करताना फ्यूज आपल्या खिशात हवा," तो म्हणाला. "नाहीतर दुसरं कुणी चालू करतं आणि माणूस जातो."

"इथे दुसरं कोण आहे? मी आणि तुमची आई."

"तेच म्हणतोय."

गीझरचं खालचं झाकण काढल्यावर दिसलं, थर्मोस्टॅटला जाणारी एक वायर टोकाशी जळून काळी पडली होती. त्याने ती कापली, सोलली, स्क्रूखाली घट्ट आवळली. काम दहा मिनिटांचं. वीस मिनिटं व्याख्यान. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. कानपूरला इन्स्पेक्शन होतं. "झालं! अर्ध्या तासात पाणी कढत," असं ओरडत तो गेला.

मी बटण दाबलं. दिवा नाही. वाटलं, दिवाच गेला असेल, वाट पाहू. अर्ध्या तासाने नळाखाली हात धरला आणि बोटं बधिर झाली.

साडेनऊ वाजले होते. सासूबाई पाटावर बसून होत्या आणि जपमाळ धरलेला हात कापत होता. कपाळावर घाम. बाहेर समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं इतकं धुकं, आणि यांना घाम.

"आई, रक्तातली साखर उतरलीय तुमची. निदान चमचाभर साखर तरी तोंडात टाका."

"गार पाण्यानेच करते. आम्ही नदीवर नाही का करायचो?"

"तेव्हा तुम्ही चौऱ्याहत्तरच्या नव्हतात."

त्या उठायला लागल्या आणि भिंत धरून परत बसल्या. मी बोर्डाकडे पळाले. गीझरच्या ओळीत नुसती रिकामी खोबण. दुरुस्ती अगदी चोख झाली होती आणि फ्यूज सुरक्षिततेचे सगळे नियम पाळून कानपूरच्या वाटेवर होता.

दोन मिनिटं मी नवऱ्याचा उद्धार केला. मग लक्षात आलं, शेजारच्या खोबणीत कूलरचा फ्यूज आहे, तोही पंधरा अँपिअरचा, आणि जानेवारीत कूलर लावणारा लखनौत अजून जन्माला यायचाय. मेन स्विच पाडला, तो उपटून इकडे बसवला, मेन वर केला. लाल दिवा लागला.

पंचवीस मिनिटांनी सासूबाईंनी अंघोळ केली. पूजा त्या दिवशी देवांनी तीन मिनिटांत आटोपती घेतली. मी समोर बसून त्यांना बशीभर पोहे खायला लावले, गोळी दिली, वर चहा. हळूहळू हात स्थिरावला, चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"पोह्यांत मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझी बादली भरायला लावली.