विलायती साखळी

माझ्या मालकांचं नाव सहादू. एरवी मी नाव घेत नाही, पण राग आला की घेते, आणि सायकलीचं काही सांगायचं म्हटलं की मला राग येतोच. कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब, दारूचा थेंब नाही की विडीचा झुरका नाही. कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, "लताबाई, नशीब काढलंस." कसलं डोंबलाचं नशीब! दारुड्याची दारू सकाळी तरी उतरते. यांच्या डोक्यातली सायकल कधी उतरलीच नाही.

शी! माझ्या वरणाच्या पातेल्यात रॉकेल ओतून फ्रीव्हील भिजत घातलेलं असायचं. चहाच्या बशीत छर्रे. आणि उशीखाली, हो, उशीखाली, फडक्यात गुंडाळलेला कुठलासा चाकाचा जुना इंग्रजी हब. रात्री जेवणं झाली की माझ्या कानाशी धरून फिरवायचे. "ऐक, ऐक. आवाजच येत नाही." आवाजच येत नाही तर ऐकू काय, कपाळ?

तरी जुन्याचं वेड होतं तोवर बरं होतं. चामड्याची स्प्रिंगवाली सीट, सळईचे ब्रेक, मागे भक्कम कॅरियर आणि कॅरियरवर मी. मग कुणीतरी मुंबईच्या चोरबाजारातून विलायती गिअर आणि साखळी आणून दिली, आणि यांना वजन कमी करायचं खूळ लागलं. आधी स्टँड काढला. मग डायनॅमो, मडगार्ड, चेनकव्हर. बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आलं. सीट आली ती अडकित्त्याएवढी, बघूनच कळ यावी. शेवटी कॅरियरही गेलं.

"अहो, आणि मी कुठे बसू?"

"नळीवर बस की."

दोन पोरांची आई, चाळिशीला आलेली बाई, पुढे नळीवर! लाज नाही वाटत बोलायला.

त्या वर्षी धम्मचक्र दिनाला त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आमच्या महिला मंडळातर्फे मी बोलणार होते. जन्मात पहिल्यांदा. भाकरी थापताना, धुणं धुताना भाषण घोकत होते. माझी आई त्याच उन्हाळ्यात गेली. तिची पांढरी साडी मी त्या दिवसासाठी राखून ठेवली होती. मंडळाचा ट्रक जाणार होता, शेजारच्या सुमनबाईने माझी जागाही धरली होती. पण यांनी मोडता घातला. "ट्रकमध्ये चेंगरत कशाला जातेस? मी नेतो. गिअरची कमाल तर बघ." एवढ्या हौसेने म्हणाले, म्हणून मी ट्रक जाऊ दिला आणि नाक मुठीत धरून नळीवर बसले.

दसराच तो. रस्त्यावर लोकांच्या सायकलींना झेंडूच्या माळा. आमच्यात पूजा नाही, पण यांनी आदला दिवसभर साखळीला तेल पाजलेलं. मुंबई रस्त्याला चढ लागला, यांनी खटकन गिअर बदलला आणि माझा पाठीवरचा पदर कुणीतरी हिसडावा तसा खेचला गेला. दोघंही धुळीत. चेनकव्हर होतं कुठे? पदर साखळीत शिरून दात्यांत गच्च बसला होता. यांनी हाताने उलटं पॅडल फिरवलं तर आणखीच गुरफटला. मला मान वर करता येईना.

"साखळी तोडा," मी म्हटलं. पिन काढायचा पंच यांच्या पिशवीत कायम असायचा.

यांनी साखळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अगं, विलायती आहे. एकदा तोडली की तिच्यात जोर राहत नाही."

यांनी पिशवीतून ब्लेड काढलं आणि माझ्या आईचा पदर कापला. अगदी हळू हात चालवत होते, साखळीला ओरखडा येऊ नये म्हणून.

मी उठले आणि चालायला लागले. स्टेजवर गेले तेव्हा खांद्यावर अर्धाच पदर, तोही काळाकुट्ट. घोकलेलं सगळं विसरले. माईकसमोर म्हटलं, "ही साडी माझ्या आईची. ती जन्मभर अंगठा लावत आली. तिची लेक आज बोलणार होती, म्हणून आहे तशी नेसून आले." बाया पदराने डोळे पुसायला लागल्या. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, नुसता संताप होता. हे मागे सायकल धरून उभे होते.

आठवड्याच्या आत चेनकव्हर आलं, कॅरियर आलं, वर गादीसुद्धा आली. "बस ना," म्हणाले. मी बसले नाही. रविवारी हे अंगणात साखळी पुसायला बसले आणि सवयीने ओरडले, "लता, एक फडकं दे गं."

मी ती साडी आणून त्यांच्या मांडीवर टाकली. "घ्या. तुमचंच तेल लागलंय तिला."

यांनी साडीची घडी घालून बाजूला ठेवली. मग पंच काढला आणि साखळी तोडली.

आता तोडून काय उपयोग? दाराबाहेर खिळ्याला लटकलीय, गंजून लाल झालीय. गंजू दे मेली. मी बाजाराला पायीच जाते.