कोपऱ्यातलं अक्षर

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिंडीला पंपांच्या एका कारखान्यात उन्हावर नकाशांच्या प्रती काढत. मी तिथेच ट्रेसर होते. आराखडा मी पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचा आणि अण्णांनी त्याच्याखाली मसाला लावलेला पिवळट कागद घालून, काचेच्या चौकटीत दाबून, गच्चीवरच्या उन्हात ठेवायचा. मग कागद पाण्यात धुतला की निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत. मद्रासमध्ये बाकी कशाचीही टंचाई असो, उन्हाची नव्हती.

किती वेळ ठेवायचा, हे अण्णा घड्याळावर बघत नसत. रामनामाची माळ मोजत. चैत्रातल्या उन्हात एक माळ, कार्तिकातल्या पावसाळी ढगांत चार. पण खरी मेख वेगळी होती. "माळ तुमच्यासारख्यांस," ते मला म्हणत, "मी कड बघतो." चौकटीतून बाहेर राहिलेली कागदाची कड पिवळट होती ती राखी झाली, की ते चौकट उलटी करत. प्रत मनासारखी आली तरच कोपऱ्यात पेन्सिलीने मोडीतलं एक अक्षर काढत. तंजावरहून आलेल्या आमच्या घरात मोडी येणारे ते एकटेच उरले होते, आणि त्यांच्याकडून हौसेने शिकलेली मी. त्या अक्षराशिवाय कारखान्यातली एकही प्रत ओतकामाला जात नसे.

मालकांना विजेच्या दिव्यावर प्रती काढणारं यंत्र हवं होतं. त्यांचं चूक नव्हतं. ज्याच्या प्रती आधी, त्याचे पंप आधी, असे ते दिवस होते. गिंडीत रोज नवी शेड उभी राहत होती. "यंत्रावर तुम्हीच बसाल," मालक अण्णांना म्हणाले होते, "फक्त तोवर काही बिघडू देऊ नका." अण्णांनी हे वाक्य घरी दोनदा सांगितलं. एकच गोष्ट दोनदा सांगायची त्यांना सवय नव्हती, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आणि नेमकं सूर्यग्रहण आलं. सूर्य अर्धाच झाकणार होता, पण भर कामाच्या वेळी. पंपाच्या झाकणाच्या सहा प्रती दुपारच्या आत ओतकामाला हव्या होत्या. अण्णांनी मला जिन्याखाली गाठलं. कानावर दर्भाची काडी होती.

"मोक्ष झाला की अंघोळ करून काढतो. तोवर चौकटीस हात लावू नये."

"अण्णा, मालक वाट बघतायत."

"बघू दे. ह्या वेळचं वेय्यिल, हे ऊन, खोटं असतं गे. नको म्हटलं की नको. पोदुम, पुरे." एवढं बोलून ते कोठीच्या खोलीत जपाला बसले.

मला राग आला. मी मॅट्रिक झालेली, भूगोलात ग्रहणाची आकृती काढून दाखवलेली. दर्भाच्या काडीपायी हा माणूस हातातलं यंत्र घालवणार, असं वाटलं. मी चौकट उचलली आणि गच्चीवर गेले. लख्ख ऊन होतं. कडुनिंबाच्या सावलीत उजेडाचे ठिपके तेवढे नखाच्या तुकड्यांसारखे वाकडे पडले होते. गंमत वाटली मला. प्रत्येक प्रतीला दीड माळ मोजली, नेहमीसारखी. कड बघायचं सुचलंच नाही. प्रती जरा फिक्या वाटल्या, पण वाळल्यावर रंग चढतो, हे मला ठाऊक होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सहाही कोपऱ्यांत मी अण्णांचं मोडी अक्षर काढलं आणि प्रती शिपायाच्या हाती दिल्या.

अण्णा ओल्या केसांनी गच्चीवर आले, तर काम झालेलं. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "कड बघितलीस?" मी हो म्हटलं.

झाकणाच्या आत आधाराची एक फासळी होती, ती आराखड्यात बारीक तुटक रेघेने दाखवली होती. फिक्या प्रतीत ती रेघ विरून गेली. ओतकामवाल्यांनी फासळीशिवाय झाकणं ओतली आणि चाचणीला लावल्याबरोबर ती एकामागून एक तडकली.

मालकांनी प्रत टेबलावर आपटली. मी शेजारच्याच टेबलाशी होते. अण्णांनी प्रत उचलून खिडकीकडे धरली आणि कोपरा पाहिला. माझ्या अक्षराची शेपटी त्यांच्यापेक्षा लांब यायची. ते त्यावरून मला नेहमी चिडवत. आज चिडवलं नाही. प्रत खाली ठेवून ते मालकांना तमिळमध्ये म्हणाले, "माझंच अक्षर आहे. ऊन कमी होतं, मला कळलं नाही."

ऊन त्यांना कळलं नाही! माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी मूग गिळून बसले. माझी नोकरी जाईल, घरात दोन पगारांचा एक होईल, अशी कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते.

यंत्र आलं. त्यावर मालकांनी मला बसवलं. मी नको म्हटलं नाही. अण्णांना कोठीत कागद मोजायला दिलं आणि वर्षभरात ते घरी बसले. कारखाना मात्र वाढला. पहिल्या शेडच्या तीन झाल्या, आमच्याच गल्लीतली चार माणसं तिथे लागली. त्या दिव्याने कितीतरी चुली पेटल्या, हे मी नाकारत नाही.

एकदा मी डबा विसरले, तो घेऊन अण्णा यंत्राच्या खोलीत आले. झाकणाच्या फटीतून जांभळट उजेड येत होता. ते उभे राहिले, आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. चार बोटंही झाली नसतील, तोच प्रत बाहेर आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून पाहिली. रेघ न् रेघ स्वच्छ होती.

"चांगली आली," ते म्हणाले. मग कोपरा पाहिला. "अक्षर कोठे?"

"आता लागत नाही, अण्णा. यंत्र चुकत नाही."

त्यांनी प्रत माझ्या हातात दिली.

"आणि चुकलं, तर मी केलं म्हणून कोणी सांगावं?"

एवढं विचारून ते डबा ठेवून गेले. मालक पलीकडच्याच खोलीत होते. मी पुढचा कागद यंत्रात घातला.